संगणक सुरू झाल्यानंतरचं काय?

संपादक महोदय,
स. न.

मोठा संगणकबिघाड झाला की त्याची बातमी साधारण दोन दिवस चालते. पहिल्या दिवशी निळे पडलेले स्क्रीन आणि विमानतळावर पिशव्यांवर डोकं टेकून झोपलेली माणसं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चौकट, ‘सेवा पूर्ववत’. मग एखादे तज्ज्ञ आपण यंत्रांवर किती विसंबून आहोत ते सांगतात आणि विषय मिटतो. माझी तक्रार त्या चौकटीबद्दल आहे. माझी सगळी नोकरी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून झाली. निस्तरायचं काम सेवा पूर्ववत झाल्यानंतरच सुरू होतं, हे तिथे पाहिलंय. पत्र लांबलं आहे. कापावं लागलं तर विमानांचा भाग कापा, रक्ताच्या नळ्यांचा ठेवा.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी अद्ययावत फाइल जगभर पाठवली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली. मध्ये गेली ७८ मिनिटं. तेवढ्यात विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रं बंद पडली, हा आकडा मायक्रोसॉफ्टचाच. कारण पुढे कंपनीने स्वतःच्या अहवालात दिलं. नव्या फाइलला २१ रकाने तपासायचे होते, पण यंत्रावरचा प्रोग्रॅम तिला २०च देत होता. आधीच्या फाइलींमध्ये एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असं असल्यामुळे ही उणीव काही महिने कुणाला दिसलीच नाही. त्या दिवशीच्या फाइलीने तो रकाना खरोखर मागितला, प्रोग्रॅम स्मृतीत नको तिथे बघायला गेला आणि कोसळला. सुरक्षेचा प्रोग्रॅम विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतो, त्यामुळे त्याच्याबरोबर सगळं यंत्रच थांबलं. पुन्हा सुरू केलं की तीच फाइल वाचायची आणि पुन्हा थांबायचं.

आता फाइल मागे घेतली म्हणजे काय झालं? ज्या यंत्रांना ती मिळाली नव्हती ती वाचली. ज्यांना मिळाली होती त्यांच्यापाशी माणसाला जावं लागलं. सेफ मोडमध्ये सुरू करा, ती फाइल शोधा, पुसा, पुन्हा सुरू करा. डिस्क कुलूपबंद असेल तर त्याआधी ४८ आकडी किल्ली टाका. कित्येक ठिकाणी त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या, तोच बंद होता. काही यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टचा सल्ला असा होता की बंद-चालू करत राहा, १५ वेळापर्यंत करावं लागलं तरी करा. आमच्या स्टोअरमधला मुलगा प्रिंटर अडकला की हेच करायचा, त्याला कुणी तज्ज्ञ म्हटलं नाही!

तेव्हा ७८ मिनिटं हा आकडा चूक दुरुस्त व्हायला लागलेल्या वेळाचा आहे. लोकांचा वेळ किती गेला ते त्यातून कळत नाही. दुसरा आकडाही असाच फसवा. ही ८५ लाख यंत्रं म्हणजे जगातल्या विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहून कमी, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं, आणि ते खरंही आहे. पण एवढं महागडं सुरक्षा सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर कोण घालतं? ते असतं विमानतळाच्या काउंटरवर, बँकेत, रुग्णालयात, वृत्तवाहिनीच्या नियंत्रणकक्षात. म्हणून त्या एक टक्क्याच्या आत स्काय न्यूजचं थेट प्रक्षेपण थांबलं, इंग्लंडमधल्या बहुसंख्य फॅमिली डॉक्टरांना समोर बसलेल्या रुग्णाची नोंद उघडता येईना, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. त्या पासांचे फोटो लोकांनी हौसेने फिरवले. मला मात्र ते लिहिणाऱ्या मुलीचं कौतुक वाटलं. आसनांचा तक्ता समोर नसताना एकच जागा दोघांना न देता ती लिहीत होती.

विमानांचं एकच सांगते, कारण ते माझ्या मुद्द्याचं आहे. अमेरिकेतल्या बहुतेक विमान कंपन्या एकदोन दिवसांत सावरल्या. डेल्टा एअरलाइन्सला मात्र पाच दिवस लागले आणि तिची सुमारे ७ हजार उड्डाणं रद्द झाली. दोष कुणाचा यावर डेल्टा आणि क्राउडस्ट्राइक पुढे कोर्टात गेल्या, तो त्यांचा प्रश्न. पण डेल्टाने तेव्हा जे सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. संगणक सुरू झाले तरी वैमानिक आणि कर्मचारी कुठे आहेत, कुणाचे ड्यूटीचे तास संपले, कोण कुठल्या विमानावर जाऊ शकतो, हा हिशेब ठेवणारी यंत्रणा मागे पडली होती, आणि खोळंबलेले बदल तिला उरकेनात. विमान उभं, वैमानिकही हॉटेलात, फक्त दोघांची गाठ कुणी घालायची ते कळेना.

प्रयोगशाळेत अगदी हेच होतं. आमच्याकडचे बिघाड क्राउडस्ट्राइकचे नव्हते. कधी सर्व्हर बसायचा, कधी नेटवर्कचा स्विच जळायचा. कारण काहीही असो, खुर्चीवर बसलेल्याला फरक पडत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, संगणक बंद म्हणजे तपासण्या बंद. तसं नसतं. रक्त तपासणारी यंत्रं ठणठणीत असतात. जांभळ्या बुचाची नळी येते, निळ्या बुचाची येते, यंत्र नळीवरचा बारकोड वाचतं आणि मुख्य संगणकाला विचारतं, ‘हिच्यात काय बघायचं?’ पलीकडून उत्तर नाही. मग प्रत्येक नळीसाठी कागदावरची मागणी वाचून यंत्राच्या पडद्यावर तपासण्या हाताने निवडायच्या. निकाल येतो, पण त्यावर रुग्णाचं नाव नसतं, नुसता नंबर. नंबर कुणाचा ते दुसऱ्या कागदावर. वय आणि लिंगाप्रमाणे सामान्य मर्यादा किती, हे एरवी संगणक शेजारी छापतो, तेही गेलेलं असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डेल्टा चेक (विमान कंपनीशी याचा संबंध नाही) गेलेला असतो. याच रुग्णाचा कालचा निकाल आणि आजचा यांत न पटणारी तफावत असेल तर संगणक अडवतो, कारण नळी दुसऱ्याच माणसाची असू शकते. तो पहारा उठला की अदलाबदल झालेली नळी बिनबोभाट निघून जाते.

मग फोन. पूर्वी प्रयोगशाळेचा फोन वेगळ्या तारेवर असायचा. आता फोनही नेटवर्कवरच चालतात, म्हणजे संगणक गेला की फोनही गेला. आपत्कालीन योजना असते का? असते, चांगली चाळीस पानी असते, पीडीएफमध्ये, त्याच बंद सर्व्हरवर. कुठल्या वॉर्डात कुणाला कळवायचं याची यादीही तिथेच. अशा वेळी रुग्णालय चालतं ते मामांच्या आणि मावशींच्या पायांवर. चिठ्ठी घेऊन मामा वर जातात, तिथून नळ्या घेऊन खाली येतात, लिफ्टपाशी गर्दी म्हणून जिन्याने. तातडीचा निकाल कुणाच्या तरी मोबाइलवरून कळवायचा आणि पलीकडच्या सिस्टरना म्हणायचं, ‘सिस्टर, लिहिलंत ते परत वाचून दाखवा.’ एकेक आकडा सुटा, पॉइंट कुठे आहे ते सांगून. हिमोग्लोबिन ७.१ आणि ११.७ यांत फोनवर फारसं अंतर नसतं, रुग्णाच्या दृष्टीने रक्त चढवायचं की नाही एवढं असतं. नवीन मुलांना हे परत वाचून घेणं अपमानास्पद वाटतं. वाटू दे.

इथवरची धावपळ लोकांना कळते, कारण ती दिसते. आता न दिसणारी सांगते.

सिस्टीम आली. टाळ्या. आयटीचे साहेब समाधानाने निघून गेले. टेबलावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा आहे. त्यातला प्रत्येक निकाल संगणकात घालायचाय, नाहीतर रुग्णाच्या नोंदीत तेवढं भोक राहतं. दरम्यान नव्या नळ्या येतच असतात, माणसं तेवढीच. मग संध्याकाळी कामाला उजू असलेला एखादा मुलगा गठ्ठा पुढे ओढतो आणि भराभर भरायला लागतो.

एक प्रसंग. सकाळी संगणक बंद असताना एका रुग्णाचं पोटॅशियम ६.४ आलं. हे धोक्याचं, हृदयाची लय बिघडू शकते. निकाल मामांच्या हातून वर गेला, डॉक्टरांनी इन्सुलिन-ग्लुकोज दिलं, दुपारी पुन्हा रक्त पाठवलं. तोवर सिस्टीम आली होती. दुपारचं पोटॅशियम ४.८, ते थेट संगणकात गेलं. संध्याकाळी आमच्या मुलाने सकाळची चिठ्ठी भरली. आकडा बरोबर, नाव बरोबर, नमुना घेतल्याची वेळसुद्धा बरोबर. पण वॉर्डातल्या पडद्यावर निकाल लागायचे ते नोंद केल्याच्या वेळेप्रमाणे. म्हणजे सगळ्यात वर, लाल अक्षरात, ६.४. खाली ४.८. रात्रपाळीला आलेल्या डॉक्टरांनी वरचा आकडा पाहिला आणि पुन्हा इन्सुलिन लिहिलं. पोटॅशियम मुळात नीट असताना ते आणखी खाली ओढणं, वर साखरही उतरवणं, यात जीव जाऊ शकतो. सिस्टर जुन्या होत्या. ‘सर, हा सकाळचा रिपोर्ट आहे, मामांनी माझ्याच हातात दिला होता. दुपारचा बघा, खाली आहे,’ असं त्या म्हणाल्या आणि इंजेक्शन भरलं गेलं नाही.

यात चुकलं कोण? मी खूप विचार केला आहे आणि मला एकही नाव घेता येत नाही. बिघाडाच्या वेळात कुणी काही चुकवलं नव्हतं. सेवा पूर्ववत झाल्यावर, सगळे नियमाने वागत असताना, रुग्ण अडचणीत आला. वैमानिक कुठे आहे ते न कळणं आणि कुठलं पोटॅशियम नवं ते न कळणं, दोन्हीचा गाभा एकच. यंत्र बंद असताना जगात जे घडून गेलं ते यंत्राला माहीत नसतं, आणि सुरू झाल्यावर ते पूर्वीच्याच आत्मविश्वासाने बोलायला लागतं.

आमच्या प्रयोगशाळेत नंतर एक साधी पद्धत बसवली. बंद काळातले निकाल भरताना शेऱ्यात ‘हाताने दिलेला निकाल, नमुन्याची वेळ अमुक’ असं ठळक टाकायचं आणि भरण्याआधी वॉर्डाला कळवायचं. याला पैसा लागला नाही. सॉफ्टवेअरवाल्यांकडे पडद्यावरचा क्रम बदलून मागितला होता. मी निवृत्त होईपर्यंत तो ‘पुढच्या आवृत्तीत’ येणार होता.

हे एका प्रयोगशाळेपुरतं नाही, हे लंडनमध्ये दिसलं. ३ जून २०२४ रोजी तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या रक्ततपासण्या करणाऱ्या सिनोव्हिस या संस्थेवर खंडणीखोरांनी सायबरहल्ला केला. रुग्णालयं उभी, डॉक्टर हजर, पण रक्तगट जुळवून द्यायचं काम नेहमीच्या वेगाने होईना. वेळ नसेल तेव्हा जवळजवळ कुणालाही चालणारं ओ गटाचं रक्त द्यावं लागतं. तसं ते द्यावं लागलं आणि साठा इतका उतरला की आठवड्याभरात ओ गटाच्या रक्तदात्यांना देशभर आवाहन करावं लागलं. जुलैच्या अखेरीलाही टंचाईचा इशारा होताच. मुख्यत्वे फटका बसलेल्या दोन रुग्णालयसमूहांत मिळून १० हजारांहून अधिक बाह्यरुग्ण भेटी आणि १,७०० हून अधिक नियोजित उपचार पुढे ढकलावे लागले. एका रुग्णाच्या मृत्यूमागच्या कारणांमध्ये रक्ततपासणीचा निकाल फार उशिरा मिळणं हे एक कारण होतं, असं किंग्ज कॉलेज रुग्णालयाने पुढच्या वर्षी मान्य केलं. एका प्रयोगशाळेचे संगणक बंद पडले आणि रक्तदानाला माणसं बोलवावी लागली ती सबंध देशातून. हा धागा दोन दिवसांच्या बातमीत दिसणं शक्यच नव्हतं.

यावर ‘आमच्या वेळी वह्या होत्या तेच बरं होतं’ असं म्हणणारे माझ्या पिढीत पुष्कळ आहेत. मी त्यांतली नाही. वहीत मी स्वतः खाडाखोड पाहिली आहे, एकाच आडनावाच्या दोन रुग्णांचे निकाल एकमेकांच्या ओळीत पाहिले आहेत, पान ओलं होऊन पुसलेले आकडे पाहिले आहेत. बारकोड आल्यावर कितीतरी जीव वाचले असतील, त्यांची मोजदाद कुणी केली नाही. वही परत आणू नका. पण संगणक नसताना काम कसं चालवायचं हे येणारी माणसं निवृत्त होत चालली आहेत, आणि नव्या मुलांना ते कुणी शिकवलेलं नाही, हे खरं आहे. कोरे छापील फॉर्म कपाटात असतात. ते कुठल्या क्रमाने भरायचे, एक प्रत कुणाकडे राहते, तात्पुरता नंबर कसा द्यायचा म्हणजे तो नंतर खऱ्या नंबराशी जुळेल, हे कपाटात नसतं.

आगीची कवायत सगळीकडे होते. घंटा वाजते, माणसं कुरकुरत मैदानात जातात, चहाची वेळ साधून परत येतात. पण जिना कुठे आहे ते त्यामुळे कळतं. संगणक बंदची कवायत मी कुठे ऐकली नाही. दिवसाढवळ्या, सगळे वरिष्ठ हजर असताना, आधी सांगून तासभर पडदे बंद ठेवायचे आणि त्याच तासातलं काम नंतर संगणकात भरूनही बघायचं. भरून बघणं सोडायचं नाही, कारण गोम तिथेच आहे. रुग्णालयानेच नव्हे, बँकेने, तिकीटखिडकीने, रेशन आणि पेन्शनच्या कचेरीनेही. या शेवटच्या दोन ठिकाणी तर ‘आज मशीन बंद, उद्या या’ एवढं सांगितलं की आपली जबाबदारी संपली असं मानतात. उद्या आलेल्या माणसालाच विचारतात, काल आलात याचा पुरावा काय? निदान तारीख आणि शिक्का मारलेली चिठ्ठी तरी हातात द्या. मुदत चुकल्याचा दंड त्या दिवसापुरता लावू नका. यंत्र कचेरीचं आहे, तर ते बंद पडल्याचा भार कचेरीने उचलावा.

क्राउडस्ट्राइकने त्या प्रकारानंतर जाहीर केलं की अशा फाइली यापुढे सगळ्यांना एकदम न पाठवता टप्प्याटप्प्याने पाठवू, म्हणजे पहिल्या थोड्या यंत्रांवर गडबड दिसली तर तिथेच थांबता येईल. चांगलं झालं. आम्ही नवीन रसायनाची बाटली उघडली की आधी कंट्रोलचा, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला, नमुना लावतो आणि तो बरोबर आल्याशिवाय एकाही रुग्णाचा निकाल सोडत नाही. इतक्या मोठ्या कंपनीला हे इतक्या उशिरा सुचावं याचा मला थोडा राग आहे, तो मी लपवत नाही.

राहता राहिली आपल्या वृत्तपत्राकडे मागणी. पुढचा बिघाड होईलच. तेव्हा पहिल्या दिवशी फोटो छापा, जरूर छापा. पण त्यानंतर आठवड्याने एका वार्ताहराला एखाद्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत किंवा कुठल्याही कचेरीच्या मागच्या खोलीत पाठवा. साहेबांना भेटू नका, ते ‘सगळं सुरळीत’ म्हणतील. नोंदी भरणाऱ्या माणसाला भेटा आणि तीन प्रश्न विचारा. गठ्ठ्यातल्या किती चिठ्ठ्या अजून भरायच्या आहेत? भरलेल्यांची मूळ कागदाशी पडताळणी कुणी केली? आणि ज्यांची चिठ्ठीच सापडत नाही अशा लोकांना काय सांगितलं? उत्तरं मिळतील तशी छापा.

आपली,
एक निवृत्त वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ
(नाव छापू नये, ही विनंती)